पहिल्या नंबरावर नाव कोण लिहिणार? ऑस्करच्या यादीत कधीच न आलेले कलाकार आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एक साधा प्रश्न टाकला होता, की ऑस्करच्या अभिनयाच्या यादीत ज्याची एकदाही वर्णी लागली नाही असा तुमच्या मते सगळ्यात भारी नट किंवा नटी कोण. उत्तरांचा नुसता पाऊस पडला. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून ज्यात प्रश्न होता ती पत्रं निवडली आणि शिव्या गाळल्या (त्या ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीला होत्या, आम्हाला नव्हत्या, बहुतेक).

प्रश्न: पीटर ओटूल आणि ग्लेन क्लोज ही दोन नावं तुमच्या लेखात कशी नाहीत? याहून मोठा अन्याय कुठला?

अहो, त्यांचं दुःख वेगळं आहे. दोघांनाही प्रत्येकी 8 नॉमिनेशनं मिळालीत, जिंकले नाहीत एकदाही. ओटूलला 2003 मध्ये मानद ऑस्कर दिलं, क्लोजबाईंच्या हाती अजून बाहुली आलेली नाही. पण निदान त्यांचं नाव पुकारलं गेलं, कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर गेला, हरल्यावर हसून टाळ्या वाजवायची तरी संधी मिळाली. आपण बोलतोय ते ज्यांचं नाव यादीतच आलं नाही त्यांच्याबद्दल. डोनाल्ड सदरलंड, एडवर्ड जी. रॉबिन्सन, मिर्ना लॉय, जॉन बॅरीमोर, जोसेफ कॉटन, पीटर लॉरे, मेरिलिन मन्रो, मिया फॅरो, मार्टिन शीन, रिचर्ड गेर, जिम कॅरी, ॲलन रिकमन, स्टीव्ह बुशेमी, जॉन गुडमन. थांबतो, नाहीतर पान इथेच संपेल. यातला जॉन बॅरीमोर तर कमालच, त्याचा भाऊ लायनेल जिंकला, बहीण एथेल जिंकली, आणि तिघांत ज्याला लोक सगळ्यात मोठा नट मानायचे तो कोराच राहिला.

प्रश्न: हॅरिसन फोर्डलाही कधीच मिळालं नाही ना? आणि सॅम्युअल जॅक्सन?

दोघांनाही एकेक नॉमिनेशन आहे. फोर्डला 'विटनेस'साठी, जॅक्सनला 'पल्प फिक्शन'साठी. त्यामुळे आपल्या क्लबात त्यांना प्रवेश नाही, सॉरी.

प्रश्न: ही यादी नेमकी ठरवतं कोण? पाच-दहा ज्युरी एका खोलीत बसतात का? इतके चांगले लोक हुकतात कसे?

नाही, ज्युरी वगैरे काही नसतं, आणि हे नीट समजून घेतलं ना की निम्म्या तक्रारींचं उत्तर आपोआप मिळतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अकॅडमीत वेगवेगळ्या शाखा आहेत, दिग्दर्शकांची, लेखकांची, कॅमेरामनची वगैरे, आणि अभिनयाची नॉमिनेशनं फक्त नटांची शाखा ठरवते. ही सगळ्यात मोठी शाखा, साधारण तेराशेच्या घरात सदस्य. म्हणजे नटांनीच नटांना निवडायचं. शेवटचा विजेता ठरवताना मात्र सगळ्या शाखांचे सगळे सदस्य मत देतात.

आता खरी मेख. प्रत्येक मतदार एका विभागात पाच नावं लिहू शकतो, पण पसंतीच्या क्रमाने, एक नंबर, दोन नंबर असं. जागा पाच असतात, त्यामुळे आलेल्या मतांना सहाने भागायचं आणि एक मिळवायचं, तो झाला कोटा. समजा 1200 जणांनी मत दिलं, तर 201. आधी फक्त पहिल्या नंबरची मतं मोजतात, ज्याची 201 झाली तो आत. मग सगळ्यात कमी मतवाला बाद, त्याच्या मतपत्रिका त्यावरच्या पुढच्या नावाकडे जातात, परत मोजणी, परत कोणीतरी बाद, असं पाच नावं ठरेपर्यंत चालू. (कोट्यापेक्षा खूपच जास्त मतं मिळाली तर जादा मतांचंही वाटप होतं, पण ते गणित इथे सोडून देऊ.)

म्हणजे बघा, हजार लोकांनी एखाद्या नटाला चौथ्या नंबरावर टाकलं, सगळे म्हणतात वा काय सुंदर काम केलंय, पण पहिल्या नंबरावर लिहिणारे तीसच निघाले, तर तो पहिल्या काही फेऱ्यांतच उडाला. त्याच्या नावापर्यंत त्या हजार मतपत्रिका पोचतच नाहीत. उलट दुसऱ्या कोणालातरी बाकी कोणी विचारत नाही पण दोनशेहून जास्त कट्टर चाहते त्याला एक नंबर देऊन बसलेत, तो आरामात आत. या पद्धतीत सर्वांना आवडणं कामाचं नाही, काही जणांना वेड लावणं कामाचं. आणि माझ्या मते यादीबाहेर राहिलेल्यांतले बरेचसे याच जातीचे आहेत, सगळ्यांना आवडणारे आणि कोणाचेच एक नंबर नसलेले.

याचं अलीकडचं उलट उदाहरण म्हणजे अँड्रिया राइजबरो. 'टू लेस्ली' हा तिचा छोटासा सिनेमा, थेटरात जवळपास कोणी बघितलाच नाही, स्टुडिओकडे जाहिरातीला पैसे नाहीत. पण केट विन्स्लेट, ग्वेनेथ पॅल्ट्रो, एडवर्ड नॉर्टन अशा मंडळींनी उघडपणे तिची बाजू लावून धरली, आणि जानेवारी 2023 मध्ये तिचं नाव थेट पहिल्या पाचात. मग बोंबाबोंब झाली, प्रचाराचे नियम मोडले का म्हणून अकॅडमीने तपासणी केली, आणि शेवटी नॉमिनेशन कायम ठेवलं. त्याच वर्षी 'टिल'मधली डॅनियल डेडवायलर बाहेर राहिली, जिला बाफ्टाच्या, म्हणजे ब्रिटनच्या चित्रपट पुरस्कारांच्या, यादीत जागा मिळालेली. आता कोणावर अन्याय झाला म्हणायचा? दोघींनी कामं चांगलीच केलीत.

प्रश्न: डोनाल्ड सदरलंडचं नाव तुम्ही दर वेळी घेता. एवढं काय आहे त्याच्यात?

एकच सिनेमा बघा, 'ऑर्डिनरी पीपल', 1980 चा. एका सुखवस्तू घरातला मोठा मुलगा बोट उलटून बुडालाय, धाकट्याने त्यानंतर जीव द्यायचा प्रयत्न केलाय, आई काही झालंच नाही अशा थाटात घर चालवतेय आणि मधे बाप आहे जो सगळ्यांना सांभाळायचा प्रयत्न करतोय. हा बाप म्हणजे सदरलंड. सबंध सिनेमाभर तो हसतमुख, मध्यस्थी करणारा, कोणाचं मन दुखवायला नको म्हणून विषय बदलणारा. आणि मग एका रात्री बायको खाली येते तर हा अंधारात जेवणाच्या टेबलाशी एकटाच रडत बसलेला. ती विचारते काय झालं, आणि तो अगदी शांतपणे सांगतो की आपलं तुझ्यावर प्रेम उरलंय का तेच आता कळत नाही. आवाज चढत नाही, हात आपटत नाही, काही फेकत नाही. त्याच्या आधी अजून एक जागा आहे, मुलाच्या अंत्यविधीच्या दिवशी तू माझा शर्ट आणि बूट कुठले असावेत याचा विचार करत होतीस, हे तो तिला बोलून दाखवतो, आणि बोलताना त्याला स्वतःलाच नवल वाटतं की हे आपल्या इतकं लक्षात कसं राहिलं.

त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपट मिळालं. दिग्दर्शनासाठी रॉबर्ट रेडफर्डला मिळालं. आईचं काम करणारी मेरी टायलर मूर नॉमिनेट, डॉक्टरचं काम करणारा जड हर्श नॉमिनेट, मुलगा झालेला टिमोथी हटन वयाच्या विसाव्या वर्षी सहाय्यक अभिनेता म्हणून जिंकला, जो खरंतर सिनेमाचा हिरो आहे, पण ते सोडा. घरातल्या तिघांपैकी फक्त बापाला काही नाही. आणि त्या वर्षीची मुख्य अभिनेत्याची यादी बघा, रॉबर्ट डी निरो, रॉबर्ट डुव्हाल, जॉन हर्ट, जॅक लेमन, पीटर ओटूल. डी निरो 'रेजिंग बुल'साठी जिंकला, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाचही कामांत एक गोष्ट सारखी आहे, ती दुरून दिसतात. कोणी कित्येक किलो वजन वाढवलंय, कोणी मेकअपमध्ये पूर्ण बुडालेला, कोणी करडा फौजी बाप. सदरलंडने काय केलं तर ऐकून घेतलं. ऐकून घेण्याला कोण एक नंबर देणार हो?

प्रश्न: मग ही काय फक्त गंभीर कामांची गोष्ट आहे का? जिम कॅरीला तर हसवण्यासाठीही नाही आणि रडवण्यासाठीही नाही.

कॅरीची केस तर सरळसरळ चीड आणणारी. 'द ट्रुमन शो'साठी गोल्डन ग्लोब मिळालं, पुढच्याच वर्षी 'मॅन ऑन द मून'साठी परत गोल्डन ग्लोब, आणि ऑस्करच्या यादीत दोन्ही वेळा नाव नाही. 'ट्रुमन शो'मधल्या एड हॅरिसला नॉमिनेशन, दिग्दर्शक पीटर वियरला नॉमिनेशन, आणि ज्याच्या चेहऱ्यावर अख्खा सिनेमा उभा आहे त्याला ठेंगा. 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड'मध्ये तो इतका गप्प, इतका आत ओढलेला आहे की हा तोच माणूस हे खरं वाटत नाही, तिथेही नॉमिनेशन केट विन्स्लेटला आणि बक्षीस पटकथेला.

गोल्डन ग्लोबमध्ये ड्रामा वेगळा आणि कॉमेडी-म्युझिकल वेगळं अशा दोन याद्या असतात, त्यामुळे विनोदी नटाला निदान एका यादीत जागा सापडते. ऑस्करला एकच यादी, तिथे कॉमेडी आणि मृत्युशय्या एकमेकांसमोर उभ्या राहतात आणि जिंकतं कोण ते सांगायला नको. मेरिलिन मन्रोचं तेच झालं. 'सम लाइक इट हॉट'ला सहा नॉमिनेशनं होती, जॅक लेमनला होतं, तिला नव्हतं, गोल्डन ग्लोब मात्र तिला मिळालं. कॉमेडीत टायमिंग चुकलं तर सगळ्यांना कळतं आणि बरोबर आलं तर कोणाला कळत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं ती तशीच असेल, त्यात अभिनय काय. तशी नव्हती हो ती.

रिचर्ड गेरबद्दलही तिघा-चौघांनी विचारलंय, त्यांना एकत्रच उत्तर देतो. 'शिकागो' 2002 चा, सर्वोत्कृष्ट चित्रपट. रेनी झेलवेगर नॉमिनेट, कॅथरीन झीटा-जोन्स जिंकली, क्वीन लतिफा नॉमिनेट, जॉन सी. रायली नॉमिनेट. राहिला कोण तर गेर, गोल्डन ग्लोब जिंकूनसुद्धा. तो इतक्या सहज करतो की मेहनत दिसत नाही, आणि मेहनत दिसली नाही की मतं पडत नाहीत.

प्रश्न: ॲलन रिकमनला स्नेपसाठी मिळायलाच हवं होतं. माझी मुलगी विचारते की अकॅडमीवाले हॅरी पॉटर बघत नाहीत का?

मुलीला सांगा, बघतात, पण एका वर्षी एकच भाग. स्नेपचं काम 2001 ते 2011 आठ सिनेमांत पसरलंय, आणि त्याची खरी गंमत अशी की शेवटच्या भागात गुपित कळल्यावर आधीचे सगळे भाग परत बघावेसे वाटतात, त्या प्रत्येक तिरक्या नजरेचा अर्थ बदलतो. एका वर्षाच्या एका सिनेमात मोजायला गेलात तर हातात काही मिनिटं येतात. आठही भागांत मिळून अभिनयाचं एकही नॉमिनेशन नाही. रिकमनला बाफ्टा मिळालेलं, 'रॉबिन हूड: प्रिन्स ऑफ थीव्हज'मधल्या खलनायकासाठी, आणि 'डाय हार्ड' हा त्याचा पहिला सिनेमा, तेव्हा तो 42 वर्षांचा होता, हे ऐकून मुलगी उडेल.

अशीच दुसरी जमात म्हणजे ज्यांचा चेहराच दिसत नाही असे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला अँडी सर्किसचा गोलम घ्या. संगणकाने रंगवलेलं शरीर, पण हालचाल त्याची, आवाज त्याचा, आणि स्वतःशीच भांडणारा तो प्रसंग, एका बाजूने लाडिक आणि दुसऱ्या बाजूने विखारी, हे कुठल्या संगणकाने सुचवलं? मतदारांना प्रश्न पडला की यातलं किती नटाचं आणि किती ॲनिमेटरचं, आणि प्रश्न पडला की हात दुसऱ्या नावाकडे जातो. 'द शेप ऑफ वॉटर'ला तर 13 नॉमिनेशनं होती, सॅली हॉकिन्स, ऑक्टेव्हिया स्पेन्सर, रिचर्ड जेन्किन्स तिघंही त्यात. ज्याच्यावर नायिकेचं प्रेम बसतं तो जलचर झालेला डग जोन्स नाही. रबराच्या सूटमध्ये, एक शब्द न बोलता, त्याने हॉकिन्सला तिचं काम करायला समोर कोणीतरी दिलं. ती एकटीने प्रेमात पडली का?

प्रश्न: भारताशी संबंधित एखादं उदाहरण द्या की. सारखे तेच अमेरिकन लोक.

देतो, आणि हे आपल्या अगदी जवळचं आहे. 'गांधी', 1982. 11 नॉमिनेशनं, 8 ऑस्कर. बेन किंग्जली मुख्य अभिनेता म्हणून जिंकला, वेशभूषेसाठी भानू अथैया जॉन मोलोबरोबर जिंकल्या, ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आणि कस्तुरबा झालेल्या आपल्या रोहिणी हट्टंगडी? ऑस्करच्या यादीत नाव नाही. ब्रिटनच्या बाफ्टाने मात्र त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला, मॉरीन स्टेपल्टनबरोबर विभागून. म्हणजे तोच सिनेमा, तेच काम, एका ठिकाणी पहिला नंबर आणि दुसऱ्या ठिकाणी पहिल्या पाचातही नाही.

तो आश्रमातला संडास साफ करण्यावरून झालेल्या भांडणाचा प्रसंग आठवा, दक्षिण आफ्रिकेतला. गांधी तिला रागाने ओढत दाराकडे नेतात. तिथे हट्टंगडींनी काय केलंय बघा, आधी अपमान, मग राग, मग नवऱ्याची लाज वाटणं, आणि मग तो खजील झाल्यावर त्याला सावरून घेणं, सगळं एका दमात. तेव्हा त्या पंचविशीच्या आसपास होत्या आणि त्याच सिनेमात त्यांना पार म्हातारी व्हायचं होतं. त्या वर्षीच्या यादीत जेसिका लँग, ग्लेन क्लोज, टेरी गार, किम स्टॅनली, लेस्ली ॲन वॉरन होत्या आणि लँग 'टूटसी'साठी जिंकली. टेरी गारसुद्धा 'टूटसी'चीच, म्हणजे एकाच सिनेमाला दोन जागा मिळाल्या. हॉलिवूडच्या नटांना जे ओळखीचं, जे रोज सेटवर भेटतं, ते आधी आठवतं, एवढं साधं आहे ते.

'स्लमडॉग मिलिनेअर'चंही बघा ना, 10 नॉमिनेशनं, 8 ऑस्कर, अभिनयाचं एकही नाही. इरफान खान त्यात होता. 'द लास्ट एम्परर' 9 पैकी 9 जिंकला, अभिनयाचं नॉमिनेशन शून्य. 'पॅरासाइट'ने फेब्रुवारी 2020 मध्ये चार ऑस्कर नेली, सर्वोत्कृष्ट चित्रपटासकट, आणि साँग कांग-हो काय किंवा त्या दोन्ही घरांतलं दुसरं कोणी काय, यादीत कोणीच नाही, तीन आठवडे आधी हॉलिवूडच्याच नटांच्या गिल्डने, म्हणजे संघटनेने, त्या सगळ्या टीमला एकत्र पुरस्कार दिलेला असताना. सिनेमा एवढा भारी आहे पण त्यातली माणसं आपोआप तशी चालत-बोलत होती असं मतदारांना वाटलं की काय कोण जाणे. तोशिरो मिफुनेला व्हेनिसला दोनदा सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरवलं, 'योजिम्बो' आणि 'रेड बीअर्ड'साठी. ऑस्करकडून एकदाही विचारणा नाही.

प्रश्न: याला सरळ वर्णभेद म्हणा की, गोल गोल कशाला बोलता?

म्हणतो की. 2015 आणि 2016 सलग दोन वर्षं अभिनयाची वीसच्या वीस नावं गोऱ्यांची होती. दुसऱ्या वर्षी इड्रिस एल्बाला 'बीस्ट्स ऑफ नो नेशन'साठी नटांच्या गिल्डचा पुरस्कार मिळाला, ऑस्करच्या यादीत तो नव्हता, अजूनही कधी आलेला नाही. (तो सिनेमा नेटफ्लिक्सचा होता आणि तेव्हा नेटफ्लिक्सचं नाव काढलं तरी जुन्या लोकांच्या कपाळावर आठ्या पडायच्या, तेही एक कारण धरा.) त्यानंतर अकॅडमीने महिला आणि गोरे नसलेले सदस्य 2020 पर्यंत दुप्पट करायचं ठरवलं, बाहेरच्या देशांतूनही भरपूर लोक घेतले. मत देणारे बदलले की एक नंबरावर येणारी नावं बदलतात. 'पॅरासाइट'सारख्या कोरियन सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपट मिळणं हे त्याआधी कोणी स्वप्नात तरी पाहिलं होतं का.

प्रश्न: लोकांनी आरडाओरडा केला तर अकॅडमी नाव वाढवते का?

एकदा केलं होतं तसं. 1934 मध्ये 'ऑफ ह्यूमन बाँडेज'मधल्या बेट डेव्हिसला यादीत घेतलं नाही, त्यावर इतका गदारोळ झाला की अकॅडमीने यादीबाहेरचं नाव हाताने लिहून मत द्यायला परवानगी दिली. तरी ती हरली, 'इट हॅपन्ड वन नाइट'साठी क्लॉडेट कोलबेअर जिंकली. पुढच्या वर्षीही ती सोय चालू होती आणि हॅल मोर नावाचा कॅमेरामन यादीत नाव नसताना चक्क जिंकला! अकॅडमीला घाम फुटला असणार, कारण त्यानंतर ती सोय बंदच करून टाकली. मतमोजणी बाहेरच्या हिशेबनीस कंपनीकडे देणं हेही त्याच गडबडीचं फळ. बेट डेव्हिसला पुढच्या वर्षी 'डेंजरस'साठी मिळालं, जे काम आधीच्याच्या जवळपासही नव्हतं, ही भरपाई होती हे सगळ्यांना कळत होतं.

प्रश्न: म्हातारपणी मानद ऑस्कर देतात ती भरपाईच ना? मग रडायचं कशाला?

भरपाई आहे, पण उशिराची. मिर्ना लॉयला 1991 मध्ये दिलं, तेव्हा त्या 85 वर्षांच्या होत्या, समारंभाला येणं शक्य नव्हतं, न्यूयॉर्कच्या घरातूनच कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यांत आभार मानले. 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' हा 1946 चा सिनेमा बघितलात तर कळेल काय हुकलं ते. नवरा युद्धावरून परत येतो, दार उघडणाऱ्या मुलांना तोंडावर बोट ठेवून गप्प करतो, आतून बायको विचारते कोण आलंय, कोणीच उत्तर देत नाही आणि तिचं पुढचं वाक्य तोंडातच राहतं. तिला कळलेलं असतं. नवरा झालेल्या फ्रेड्रिक मार्चला त्यासाठी ऑस्कर मिळालं, लॉयला नॉमिनेशनही नाही.

सदरलंडला नोव्हेंबर 2017 मध्ये दिलं, 82 व्या वर्षी. तो गेला 2024 मध्ये, म्हणजे निदान मिरवायला सहा-सात वर्षं मिळाली. रॉबिन्सनला तेवढीही नाहीत. 1931 च्या 'लिटल सीझर'पासून चाळीसहून जास्त वर्षं काम, आणि मानद ऑस्कर जाहीर झाल्यावर 26 जानेवारी 1973 ला तो वारला, समारंभ मार्चमध्ये, बाहुली घ्यायला स्टेजवर त्याची बायको गेली. 2009 पासून तर हे मानद पुरस्कार मुख्य समारंभातून काढून वेगळ्या संध्याकाळी देतात. सोहळा आटोपशीर होतो हे खरं, पण टीव्हीसमोर बसलेल्या जगाला तो म्हातारा माणूस धड दिसतसुद्धा नाही. मला हे अजिबात पटत नाही.

प्रश्न: आता जे हयात आहेत त्यांना काही आशा?

आहे ना. जेमी ली कर्टिस 1978 च्या 'हॅलोवीन'पासून पडद्यावर आहे, पहिलं नॉमिनेशन 2023 मध्ये आणि थेट जिंकलीच. डेमी मूर 2025 मध्ये पहिल्यांदा यादीत आली, वयाच्या 62 व्या वर्षी, 'द सब्स्टन्स'साठी, आणि तोही भयपट, ज्याच्याकडे अकॅडमी एरवी नाक मुरडते. ('रोजमेरीज बेबी'त अख्खा सिनेमा मिया फॅरोने पेलला आणि ऑस्कर मिळालं शेजारीण झालेल्या रूथ गॉर्डनला.) गुडमन, बुशेमी, कॅरी यांना फक्त एक धडाकेबाज रोल मिळायला हवा, दोनशे लोक वेडे होतील असा. नुसता चांगला नको, तसे त्यांनी ढीगभर केलेत.

प्रश्न: एवढी नावं वाचून डोकं भणाणलं. एकच सिनेमा सांगा, या रविवारी बघतो.

'डबल इन्डेम्निटी', 1944. सात नॉमिनेशनं होती, बाजी एकातही मारली नाही. नायिका बार्बरा स्टॅनविकला नॉमिनेशन, नायक फ्रेड मॅकमरे आणि रॉबिन्सन दोघांनाही नाही, आणि दोघंही आयुष्यभर यादीबाहेरच राहिले, म्हणजे एका तिकिटात दोन. रॉबिन्सन त्यात विमा कंपनीतला क्लेम तपासणारा साहेब आहे, सिगार तोंडात पण काडी कधीच खिशात सापडत नाही, दर वेळी मॅकमरे पेटवून देतो. आत्महत्या किती प्रकारे होतात याची आकडेवारी तो आपल्या वरिष्ठाला एका श्वासात सुनावतो ती जागा मागे नेऊन परत बघा, मी दर वेळी बघतो. शेवट कोणी फोडेल ही भीती नको, खून कोणी केला ते खुनी स्वतःच सुरुवातीला सांगून मोकळा होतो, त्यामुळे निवांत रॉबिन्सनकडेच लक्ष ठेवा, आणि तो सगळ्यांवर संशय घेतो पण समोरच्या मित्रावर नाही हे लक्षात आलं की मला कळवा, पुढच्या अंकात जागा ठेवतो.